आधी दिवा शांत करा, मग बटण दाबा: ट्रॅकवर इलेक्ट्रॉनिक मदतीशिवाय गाडी चालवताना

डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा असतो. घसरणारी गाडी आणि तिच्यामागे दोन नागमोडी रेघा. पावसात गोव्यातल्या पर्वरीच्या चढणीवर जरा जोरात रेस दिली की तो क्षणभर लुकलुकतो आणि विझतो. तेवढ्या क्षणात गाडीने तुमच्या पायाचं ऐकलेलं नसतं: इंजिनची ताकद कमी केलेली असते, कदाचित एखाद्या चाकाला ब्रेकही लावलेला असतो. ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी रेसच्या ट्रॅकवर ठरावीक सत्रांत चालवायच्या दिवशी, हाच दिवा प्रत्येक वळणावर लुकलुकतो. मग पहिल्याच विश्रांतीत कोणीतरी सल्ला देतं, “ते बटण बंद कर, गाडी मोकळी होईल.”

गाडी मोकळी होते, हे खरं आहे. पण इलेक्ट्रॉनिक मदतीचं ते बटण हा शेवटचा टप्पा आहे. दिवा लुकलुकतो याचा अर्थ तुम्ही टायरकडे त्याच्या कुवतीपेक्षा जास्त काम मागितलंत आणि संगणकाने ते सावरून घेतलं. मदत चालू ठेवून पूर्ण सत्रात दिवा एकदाही लागू न देता तितक्याच वेळेत फेरी काढता आली, तर बटण बंद केल्यावर फारसं काही बदलत नाही. तसं जमत नसेल, तर बटण बंद केल्यावर नेमकं काय होणार हे दिवा आधीच सांगत असतो.

आतमध्ये कोण काय करतं

एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सर्वांत जुनी. बॉशने बनवलेली इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली. भारतात नव्या मॉडेलच्या गाड्यांना ती एप्रिल २०१८ पासून आणि विकल्या जाणाऱ्या सगळ्याच गाड्यांना एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली. चारही चाकांजवळचे सेन्सर फिरण्याचा वेग मोजतात. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा अचानक मंद झालं, म्हणजे जाम व्हायला निघालं, की त्या चाकाच्या ब्रेकचा दाब सोडायचा, धरायचा, परत वाढवायचा, हे सेकंदात अनेकदा चालतं. पायाखाली जो थरथराट होतो तो याचाच.

ईबीडी एबीएसच्याच पेटीत बसलेली असते आणि पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा दाब वाटते. तिचं नाव फारसं कोणी घेत नाही, पण पुढे तीच महत्त्वाची ठरणार आहे. ट्रॅक्शन कंट्रोल रेस देताना जागेवर फिरणारं चाक रोखतं. ईएससी, जी १९९५ पासून बाजारातल्या गाड्यांत आली, ती स्टिअरिंग किती वळवलंय आणि गाडी प्रत्यक्षात किती वळतेय याची तुलना करते. गाडी वळायला नको म्हणत सरळ चालली असेल तर आतलं मागचं चाक पकडते. मागचा भाग बाहेर निघाला असेल तर बाहेरचं पुढचं चाक पकडते. माणसाला चार चाकांसाठी एकच ब्रेक पेडल आहे, तिला चार वेगळे ब्रेक आहेत. म्हणून ‘मी ईएससीपेक्षा चांगला सावरीन’ ही बढाई फोल आहे. शिकायचं ते सावरायची वेळ येऊ न देणं.

फॉर्म्युला वनमध्ये यातली बरीच साधनं १९९४ मध्ये बंद झाली. ट्रॅक्शन कंट्रोल २००१ मध्ये परत आलं आणि २००८ पासून पुन्हा बंद आहे. पण तिथल्या ड्रायव्हरने दहा-बारा वर्षं कार्टिंगमध्ये, म्हणजे छोट्या उघड्या रेसिंग गाड्यांत, काढलेली असतात, त्यामुळे तो दाखला आपल्याला लागू होत नाही.

टायरकडे शिल्लक किती

चांगला रोड टायर कोरड्या डांबरावर साधारण ०.९ जी, म्हणजे त्याच्यावरच्या वजनाच्या ०.९ पट, इतका जोर पेलतो. तो जोर ब्रेकसाठी वापरा, वळण्यासाठी वापरा किंवा दोन्हींत वाटून घ्या, एकूण तेवढाच. पूर्ण ब्रेक दाबून स्टिअरिंग फिरवलं तर वळायला काही उरलेलंच नसतं.

आकड्यांत पाहू. ५० मीटर त्रिज्येचं वळण ०.९ जीवर जास्तीत जास्त ७५ किमीच्या वेगाने घेता येतं. तेच ८० ने घ्यायचं तर पकड सुमारे १२ टक्के जास्त लागते, कारण वेग वाढला की लागणारी पकड त्याच्या वर्गाने वाढते. ओल्या रस्त्यावर पकड ०.५ जीवर आली तर हेच वळण ५६ वर संपतं. स्पीडोमीटरवरचे ते पाच किमी माणसाला जाणवतही नाहीत. टायरला जाणवतात, आणि अशा वेळी ईएससी गुपचूप पाच किमी कमी करून देते. ती बंद असेल तर गाडी बाहेरच्या कडेला जाते.

दुसरी गोष्ट वजनाची. इंजिन समोर आणि पुढचीच चाकं ओढणारी १,००० किलोंची हॅचबॅक घ्या. उभी असताना पुढे ६००, मागे ४०० किलो. ०.९ जीचा ब्रेक लागला की सुमारे २०० किलो मागून पुढे जातात. पुढे ८००, मागे जेमतेम २००. म्हणजे मागचे दोन टायर त्या वेळी जवळजवळ नावालाच रस्त्यावर असतात. अशा क्षणी स्टिअरिंग झटकन फिरवलं की मागचा भाग पुढे यायला बघतो. वळणाच्या मध्यावर घाबरून नुसती रेस सोडली, तरी इंजिनच्या ओढीने २०-३० किलो पुढे सरकतात, आणि टायर आधीच काठावर असतील तर तेवढं पुरतं. मदतीशिवाय होणाऱ्या गिरक्यांपैकी बऱ्याच गिरक्यांचं मूळ हेच असतं: वळणात सोडलेली रेस.

बटण नेमकं काय बंद करतं

हे गाडीचं मॅन्युअल उघडून वाचल्याशिवाय कळत नाही. पुष्कळ गाड्यांत बटण एकदा दाबलं की फक्त ट्रॅक्शन कंट्रोल जातं. काही सेकंद दाबून धरलं की ईएससी सैल होते, पण पूर्ण जात नाही. काही गाड्यांत ठरावीक वेगानंतर ती आपोआप परत चालू होते. काहींत ‘ऑफ’चा दिवा लागलेला असतानाही ब्रेक दाबताच ती मध्ये पडते. मदत गेलीय असं समजून चालवताना अर्ध्या वळणात ती परत आली, तर दोन्हींचा मेळ बसत नाही. ट्रॅकवर जाण्याआधी आपली गाडी यातल्या कुठल्या गटात आहे हे ठाऊक असायला हवं.

एबीएसला मात्र बटण नसतं. मग काही जण फ्यूज काढतात. ते करू नका. कारण वर सांगितलेली ईबीडी. जुन्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब मर्यादित ठेवायला यांत्रिक प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह असायचा. ईबीडी आल्यावर बऱ्याच गाड्यांतून तो काढून टाकला, कारण ते काम आता संगणक करतो. फ्यूज काढला की मागच्या चाकांना गरजेपेक्षा जास्त दाब जातो. मागे वजन २०० किलो उरलेलं असताना तीच चाकं आधी जाम होतात आणि गाडी सरळ रस्त्यावर गिरकी घेते. पुढची चाकं जाम झाली तर गाडी निदान सरळ जाते. मागची जाम झाली तर ती कुठे जाईल ते तुमच्या हातात राहत नाही.

ब्रेकिंग एबीएसशिवाय शिकायचंच असेल तर मुळातच एबीएस नसलेली गाडी घ्यावी. २०१९ आधीची बेस व्हेरियंट हॅचबॅक गोव्यात अजून सहज मिळते, आणि तिचे ब्रेक एबीएस नाही हे गृहीत धरूनच जुळवलेले असतात. फक्त काही जुन्या गाड्यांत मागच्या ॲक्सलजवळ वजनानुसार दाब बदलणारा व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी चिखलाने आणि गंजाने अडकलेली नाही ना, हे खाली झोपून बघायचं. अडकलेली असेल तर परिणाम फ्यूज काढल्यासारखाच.

गोव्याची हवा आणि ब्रेक

इंजिन, सस्पेन्शन, एक्झॉस्ट यांवर खर्च करायच्या आधी ब्रेक. त्यात आपल्याकडच्या गाड्यांची अडचण पुण्या-बेंगळुरूच्या गाड्यांपेक्षा वेगळी आहे.

ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेतं. डॉट ३ दर्जाचं ऑइल ताजं असताना किमान २०५ अंशांवर उकळतं, पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ चे २६० आणि १८०. ‘पाणी मुरल्यावर’ म्हणजे फक्त पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी. किनाऱ्यावरच्या दमट हवेत, त्यातही चार महिने पावसात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीत, ऑइल त्या दिशेने लवकर सरकतं. रोजच्या फोंडा-पणजी फेरीत ते कधी उकळत नाही, त्यामुळे कळतही नाही.

ट्रॅकवर काय होतं बघा. ड्रायव्हर धरून १,०८० किलोंची गाडी १४० वरून ७० वर आणायला साधारण अडीच सेकंद लागतात, आणि तेवढ्यात ब्रेकमध्ये सहाशे किलोज्यूलच्या वर उष्णता जाते. दोन लिटर पाणी नळातून घेऊन उकळायला जेवढी लागेल तेवढी. तीही एका वळणासाठी. अशी तीन-चार वळणं प्रत्येक फेरीत, आणि एका सत्रात पंधरा-वीस मिनिटं.

उष्णता दोन प्रकारे दगा देते, आणि दोन्हींची लक्षणं वेगळी आहेत. पॅड तापून निकामी झाले तर पेडल टणक राहतं, पण गाडी थांबत नाही. ऑइल उकळलं तर पाइपात वाफ होते, पेडल स्पंजसारखं लागतं आणि खाली जातं. पहिल्यात वेग कमी करून दोन फेऱ्या हवा खेळू दिली की ब्रेक बहुधा परत येतो. दुसऱ्यात थंड झाल्यावर पेडल वर आलं तरी त्याच्यावर विसंबायचं नाही. ऑइल बदलूनच पुढे जायचं. पेडल खाली गेलंच तर पाय उचलून भरभर दोन-तीनदा पंप करा आणि गिअर उतरवत वेग तोडा.

म्हणून ट्रॅक डेच्या आदल्या आठवड्यात, महिनाभर आधी नव्हे, नवं ऑइल भरा. सीलबंद डबा, साधारण एक लिटर, किमान डॉट ४. आदल्या वर्षी फोडून ठेवलेला अर्धा डबा वापरायचा नाही, झाकण लावून ठेवला होता तरी. ब्रेकच्या पाइपांतली हवा काढायचा क्रम मॅन्युअलप्रमाणे. उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाड्यांत तो पुष्कळदा डाव्या मागच्या, म्हणजे सर्वांत लांबच्या चाकापासून सुरू होतो, पण सगळ्या गाड्यांत तसाच नसतो. एबीएस असेल तर तिच्या पेटीत थोडं जुनं ऑइल अडकून राहतं. ज्या गॅरेजकडे स्कॅनर आहे त्यांना पेटीचे व्हॉल्व्ह चालवून ते बाहेर काढायला सांगा. डॉट ५ नावाचं सिलिकॉनचं ऑइल वेगळंच असतं, ते ५.१ समजून भरू नका.

दुसरी अडचण खाऱ्या हवेची. कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या पकडीच्या, सरकणाऱ्या पिना कोरड्या पडतात, गंजतात, आणि एका बाजूचा पॅड झिजत जातो. ब्रेक मारल्यावर गाडी किंचित एका बाजूला ओढते. रस्त्यावर हे लक्षात येत नाही. ट्रॅकवर १३० च्या वेगात ती पहिल्यांदा जाणवते, आणि ती जागा वाईट आहे. चारही कॅलिपर उघडून पिना साफ करून ब्रेकसाठीचंच ग्रीस लावायचं, साधं बेअरिंग ग्रीस रबर फुगवतं. त्याच वेळी गाडीखालून जाणारे लोखंडी ब्रेक पाइप हाताने चाचपून बघा, विशेषतः मागच्या ॲक्सलच्या वरचा भाग, जिथे लाल माती साचून ओली राहते. पाइपावर पापुद्रे सुटत असतील तर पाइप बदलायचा, घासून रंग द्यायचा नाही.

पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक असलेलेच घ्या. नवे बसवले असतील तर ते बसायला हवेत: मोकळ्या रस्त्यावर ६०-७० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम दाबाने ब्रेक, पूर्ण न थांबता, मधे जरा वारा लागू देत. हे न करता नवे पॅड थेट ट्रॅकवर नेले तर पहिल्या कडक ब्रेकिंगला ते गुळगुळीत होऊन पकडत नाहीत.

आणि टायर. गोव्यातली अंतरं लहान, त्यामुळे गाड्यांच्या टायरची नक्षी शाबूत असते आणि रबर मात्र वाळलेलं. बाजूला चार आकडे छापलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांच्या पुढचा टायर ट्रॅकवर नको, नक्षी कितीही दिसो. टायर थंड असताना हवा दारावरच्या पट्टीत दिलेल्या दाबाएवढी भरून सुरुवात करा. टायर ३० अंशांनी तापला की दाब साडेचार पीएसआयच्या आसपास वाढतो, म्हणून सत्र संपल्यावर लगेच मोजून जास्तीची हवा सोडायची. गरम टायर ३४ ते ३६ वर ठेवला तर बहुतेक हॅचबॅक नीट वागतात. कडेला खडूने रेघ मारून बघा. ती नक्षीच्या बाहेर बाजूच्या भिंतीवरही पुसली जात असेल तर हवा कमी आहे.

चाकाचे नट टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत. लहान गाड्यांत तो बहुधा ८५ ते ११० न्यूटन मीटर असतो. पहिल्या सत्रानंतर गार झाल्यावर परत तपासायचे. स्टेपनी, जॅक, पायपुसणी, दारातल्या बाटल्या सगळं बाहेर. पेडलखाली घरंगळलेली पाण्याची बाटली कुठलंच इलेक्ट्रॉनिक साधन रोखत नाही.

पायाचं काम

शिकण्याचा क्रम हा: पहिलं सत्र सगळं चालू. दिवा कुठल्या वळणावर लागतो ते लक्षात ठेवा, सत्र संपताच लिहून काढा. दुसऱ्या-तिसऱ्या सत्रात त्या जागा एकेक करून शांत करायच्या. बहुधा कारण तीनपैकी एक असतं: वळणात वेग जास्त, स्टिअरिंग सरळ व्हायच्या आत रेस, किंवा ब्रेक सोडायची घाई. दिवा गप्प झाला की ट्रॅक्शन कंट्रोल बंद. नंतर ईएससीचा सैल मोड. पूर्ण बंद सर्वांत शेवटी, कोरड्या ट्रॅकवर, बाजूला मोकळी जागा असलेल्या वळणांवर. एबीएस चालूच. पाऊस आला तर सगळं परत चालू करा, त्यात कमीपणा काही नाही.

यात आणखी एक फायदा आहे. ईएससी सतत काम करत असेल तर ती न विचारता चाकांना ब्रेक लावत असते, आणि ट्रॅक डे संपल्यावर मागचे पॅड अनपेक्षितपणे झिजलेले सापडतात. दिवा शांत ठेवणाऱ्याचे पॅड टिकतात.

ब्रेकिंग. टायर पूर्ण जाम झाल्यावर नव्हे, तर गाडीच्या वेगापेक्षा दहा ते वीस टक्के मंद फिरत असताना सर्वांत जास्त पकडतो. पाय तिथे नेऊन ठेवायचा. पहिला पाव सेकंद दाबत जायचं, म्हणजे वजन पुढे सरकतं, मग पूर्ण जोर. थेट लाथ मारली तर वजन पुढे पोचायच्या आत चाक जाम होतं. वेग उतरत जाईल तसा पाय कणाकणाने हलका, कारण मंद फिरणारं चाक जाम व्हायला कमी दाब पुरतो. काठावर असताना टायर घुमल्यासारखा जाड आवाज करतो. चाक जाम झालं की तो आवाज किंचाळीत बदलतो आणि स्टिअरिंग एकदम हलकं होतं. तेव्हा पाय उचलायचा नाही. पायाची बोटं थोडी सैल करायची, चाक फिरायला लागल्याचं हाताला कळलं की परत दाब.

फरक किती पडतो? १०० किमीवरून ०.९ जीने ब्रेक लावला तर गाडी ४४ मीटरमध्ये थांबते. चाकं जाम करून पाचवा हिस्सा पकड घालवली तर ५५ मीटर लागतात. ११ मीटर म्हणजे किरकोळ वाटतं, पण पहिली गाडी जिथे उभी राहिली, त्या जागी दुसरी अजून ४५ च्या वेगात असते, आणि तीही स्टिअरिंगशिवाय.

एबीएस असलेल्या गाडीतही हाच सराव करता येतो: पेडल थरथरायच्या जेमतेम अलीकडे थांबायचं. ६० पासून, सरळ पट्ट्यावर, मागे कोणी नाही हे बघून.

गिअर उतरवणं हा भाग लोक उगाच मोठा करतात. क्लच सोडताना इंजिन मंद आणि चाकं जोरात असतील तर पुढच्या चाकांना झटका बसतो, ब्रेकच्या काठावर असलेला टायर त्याने जाम होऊ शकतो. ब्रेकवर पाय ठेवून त्याच पायाच्या कडेने रेसला टिचकी देणं हा त्यावरचा इलाज. जमेपर्यंत गिअर उशिरा उतरवा, ब्रेकिंग संपत आल्यावर, आणि क्लच हळू सोडा. वेळ अर्धा सेकंद जाईल, तो जाऊ द्या.

वळणात शिरताना ब्रेक आणि स्टिअरिंग यांची अदलाबदल होते. स्टिअरिंग जितकं फिरेल तितका ब्रेक सुटत जायचा. एपेक्सनंतर, म्हणजे वळणाचा सर्वांत आतला बिंदू गेल्यावर, उलट, स्टिअरिंग जितकं सरळ होईल तितकी रेस. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल नसताना रेस लवकर दिली की आतलं हलकं झालेलं चाक जागेवर फिरतं, ताकद तिथेच वाया जाते आणि गाडी बाहेर सरकते. अशा वेळी जास्त स्टिअरिंग फिरवणं हा सगळ्यांचाच पहिला कल असतो, आणि त्याने बिघडतंच. रेस थोडी कमी, स्टिअरिंग थोडं सरळ, पुढचा टायर पकडेपर्यंत थांबा.

मागचा भाग निघाला तर नजर आधी. ज्या दिशेला जायचं आहे तिथे बघा, हात आपोआप तिकडे स्टिअरिंग वळवतात. ब्रेक अजिबात नको. पुढच्या चाकांच्या गाडीत किंचित रेस दिली की वजन मागे येतं आणि पुढची चाकं गाडीला ओढून सरळ करतात. मागच्या चाकांच्या गाडीत रेस असेल तेवढीच स्थिर ठेवायची किंवा थोडी कमी, पूर्ण सोडायची नाही. गाडी पकडली की स्टिअरिंग तितक्याच चपळाईने मध्यावर आणा. पहिली घसरण सावरणारे पुष्कळ असतात, पण दुसऱ्या बाजूचा झोका त्यांना भिंतीवर नेतो.

स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवूनही गाडी फिरतेच आहे, असं झालं की प्रयत्न सोडून द्या: क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण खाली, आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत तसेच. मधेच ब्रेक सोडला तर टायर अचानक पकडतात आणि चाकं ज्या दिशेला असतील तिकडे गाडी उडी घेते, बहुधा ट्रॅक ओलांडून आतल्या बाजूला. थांबल्यावर गाडीतून उतरायचं नाही. झेंडेवाल्याकडे बघायचं.

कुठे शिकायचं

गोव्यात मोठ्या गाड्यांसाठी कायमस्वरूपी सर्किट नाही, पण नुवेंला कार्टिंगचा ट्रॅक आहे आणि तो कमी लेखू नये. भाड्याच्या कार्टला ब्रेक फक्त मागच्या ॲक्सलला असतो, डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) नसतं, आणि इलेक्ट्रॉनिक मदत शून्य. वळणात ब्रेक दाबला की लगेच गिरकी. ही चूक तिथे काही शे रुपयांत कळते.

गाडी घेऊन जायचं तर कोल्हापूर सर्वांत जवळ, तिथल्या लहान वळणदार ट्रॅकवर वेग कमी असतो आणि सुरुवातीला तेच बरं. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट ही पुढची पायरी. कारीवर धावणाऱ्या एलजीबी फॉर्म्युला फोर गाड्यांत मारुतीचं १३०० सीसी इंजिन असतं आणि मदतीचं एकही साधन नसतं. ताकद बेताची असल्यामुळे अशा गाडीत मदतीशिवाय शिकता येतं. तीनशे हॉर्सपॉवरच्या गाडीत सुरुवातीलाच सगळं बंद करणं हा निव्वळ माज.

जुवारीचा नवा पूल किंवा मोपाचा रस्ता रात्री मोकळा दिसतो, पण तो ट्रॅक नाही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी केली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्या खेपेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय तिथे समोरून कुत्रा, गुरं, दिवा नसलेली स्कूटर, काहीही येतं. विमा ट्रॅकवरही चालत नाही असंच धरून चला. आपल्याकडच्या पॉलिसींत आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. गाडी भिंतीला लागली तर खर्च खिशातला, आणि बऱ्याचदा सर्किटच्या तुटलेल्या कठड्याचाही.

सत्र संपल्यावर आणि घरी येताना

शेवटची फेरी ब्रेक न वापरता, वरच्या गिअरमध्ये, हळू. पार्किंगमध्ये हँडब्रेक ओढायचा नाही. तापलेल्या डिस्कला पॅड एकाच जागी चिकटून राहिला की नंतर पेडल थडथडतं. गिअरमध्ये टाका, चाकाला दगड लावा, बॉनेट उघडा. टायर सत्रात जाम झाला असेल तर त्यावर सपाट चट्टा पडतो. हाताने फिरवून चाचपा, आणि तार दिसत असेल तर तो टायर तिथेच बदला.

दिवस संपला की टायर थंड झाल्यावर त्यांतून सोडलेली हवा परत भरा, नट पुन्हा तपासा, ईएससी चालू आहे याची दिव्यावरून खात्री करा. मग चाकाच्या जाळीतून पॅड बघा. परतीला आंबोली असो, चोर्ला असो की अनमोड, उतार लांब आहे आणि ब्रेक आधीच भाजलेले आहेत. पॅड तीन मिलिमीटरच्या खाली गेले असतील किंवा पेडल सकाळपेक्षा खाली जात असेल, तर रात्र वरच काढून सकाळी गॅरेजमध्ये पॅड आणि ऑइल बदलून घ्या. सगळं ठीक असलं तरी घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच उतरायचा.